दहनबंदी कशी आली, कशी उठली : देहाच्या पुनरुत्थानामागची पार्श्वभूमी

देह जळाला की पुनरुत्थान, म्हणजे मृतांचे देहासह पुन्हा उठणे, अडते, असे कॅथलिक चर्चने कधीच शिकवलेले नाही. इ.स. १७७मध्ये आजच्या फ्रान्समधील लिओं येथे ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून छळ करणाऱ्यांनी राख ऱ्होन नदीत टाकली, ती हुतात्म्यांना पुन्हा उठण्याची आशाच उरू नये म्हणून. ख्रिस्ती समाजाने हा तर्क मानला नाही. १२१५मध्ये रोममध्ये भरलेल्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येकजण आज धारण केलेल्या स्वतःच्याच देहासह उठेल, असे मांडले. देहाचे कण तोवर कुठे असतील, या खोलात ती गेली नाही.

मग १९ मे १८८६ रोजी रोमने, म्हणजे चर्चच्या केंद्रीय सत्तेने, दहनावर बंदी का घातली? दहा वर्षांपूर्वी मिलानमध्ये शवदाहिनी सुरू झाली होती आणि दहनाच्या प्रचारात चर्चविरोधी मंडळी, विशेषतः फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघटनेचे सदस्य, पुढे होती. अनेकांसाठी दहन ही श्रद्धा नाकारल्याची जाहीर खूण बनली होती. आक्षेप होता तो या हेतूला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेला खुलासा हेच दाखवतो: मृताची इच्छा नसताना इतरांनी दहन ठरवले, तर घरी आणि चर्चमध्ये प्रार्थनाविधी चालतील, शवदाहिनीपाशी मात्र नाहीत. १९१७च्या धर्मसंहितेने पुढे दहनाची आज्ञा देऊन ती मरेपर्यंत मागे न घेणाऱ्याला ख्रिस्ती दफनच नाकारले. नियम कडक, कारण मागे पडलेले. आगच देवाला अडवते, असा समज त्यामुळे घरोघरी रुजला. हे नुकसान मोठे होते.

१९६३मध्ये बंदी उठली तेव्हा ‘चर्चने शिकवण बदलली’ अशी ओरड झाली. ती चुकीची आहे. कसोटी हेतूचीच राहिली: ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधात दहन निवडले, तरच संस्कार नाकारायचे. १९८३च्या संहितेतही हेच आहे, दफनाच्या आग्रही शिफारशीसह.

आज अडचण येते ती दहनानंतर. रोमच्या २०१६च्या सूचनेनुसार रक्षा दफनभूमीत किंवा त्यासाठी राखलेल्या पवित्र जागी ठेवावी; हवेत, जमिनीवर वा पाण्यात विखुरू नये, कुटुंबात वाटून घेऊ नये, दागिन्यांत घालू नये. घरी ठेवायची मुभा गंभीर, अपवादात्मक परिस्थितीतच, तीही बिशपांच्या परवानगीने. कारण व्यावहारिकही आहे: कलश घरात राहिला, की पहिली पिढी गेल्यावर त्याची आठवण आणि मृतासाठीची प्रार्थना दोन्ही सुटतात. डिसेंबर २०२३मध्ये थोडी सैलता आली. अनेकांची रक्षा एकत्र ठेवणारी कायमची पवित्र जागा चालेल, मात्र प्रत्येकाचे नाव नोंदलेले हवे. मृताच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठिकाणी रक्षेचा अल्प अंश ठेवण्याच्या विनंतीचाही विचार होऊ शकतो.

कॅथलिक चर्चपासून वेगळी असलेली पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चेस मात्र आजही सर्वसाधारणपणे दफनावरच ठाम आहेत.