पालो ड्युरो कॅनियन: आज टेंट लागतात तिथे आधी काय काय झालं

टेक्सासमध्ये अमरिलोजवळ पालो ड्युरो कॅनियन स्टेट पार्क आहे, डॅलस-ह्यूस्टनकडची आपली मंडळीही टेंट घेऊन तिकडे जातात, तिथल्या लाइटहाउस ट्रेल या पायवाटेचे फोटो टाकतात, पण ही जागा पार्क कशी झाली यावर कोणी फारसं बोलत नाही. मला वाटतं ते माहीत असायलाच हवं.

आधी जागा समजून घ्या. आजूबाजूला मैलोनमैल सपाट माळरान, झाड नाही, आडोसा नाही आणि वारा काही थांबायचं नाव घेत नाही. त्यातच अचानक जमीन फाटते, साधारण 120 मैल लांब आणि काही ठिकाणी 800 फूट खोल. रेड रिव्हरच्या एका फाट्याने हे सगळं कोरलंय. खाली पाणी आहे, कॉटनवूड आणि ज्युनिपरच्या झाडांचं सरपण आहे, थंडीत वारा अडतो. त्यामुळे माणसं इथे हजारो वर्षं मुक्काम करत आलीयेत, कॅम्पिंग काही पार्कवाल्यांनी सुरू केलेलं नाही.

1874 च्या सप्टेंबरमध्ये इथे कोमांची, कायोवा आणि शायेन या मूळनिवासी लोकांचे तळ पडले होते, हिवाळ्याची बेगमी करून, घोडे-बायकापोरांसकट. 28 तारखेला पहाटे अमेरिकन लष्कराच्या कर्नल रॅनल्ड मॅकेन्झीचे सैनिक एका अरुंद वाटेने एकामागोमाग खाली उतरले. माणसं त्या दिवशी फार मेली नाहीत, बहुतेक जण कड्यांवर चढून निसटले, पण सैन्याने टिपी, म्हणजे त्यांचे राहायचे तंबू, जाळल्या, साठवलेलं अन्न जाळलं, हजाराच्या वर घोडे पकडले आणि त्यातले बहुतेक जवळच्या ट्यूल कॅनियनमध्ये नेऊन गोळ्या घालून मारले. घोडा नाही म्हणजे शिकार नाही, आणि हिवाळा तर तोंडावर आलेला. हळूहळू ही कुटुंबं रिझर्व्हेशनकडे, म्हणजे सरकारने त्यांना नेमून दिलेल्या जागांकडे गेली, 1875 मध्ये कोमांचींचा नेता क्वाना पार्करही शरण आला. लढाईत हरवून नाही, उपाशी ठेवून हा कॅनियन रिकामा केला गेला आणि हे मला कितीही वेळा वाचलं तरी पचत नाही.

लगेच 1876 मध्ये चार्ल्स गुडनाइट हा गुरांचा मोठा मालक आपली गुरं घेऊन खाली उतरला. कारणं तीच, पाणी, गवत, आडोसा, वर कडे म्हणजे आयतं कुंपण. त्यातून पुढे प्रचंड मोठं जेए रँच उभं राहिलं. तेव्हा बायसनची, म्हणजे तिथल्या रानगव्यांची, बेसुमार कत्तल चालू होती, गुडनाइटच्या बायकोच्या, मेरी अ‍ॅनच्या, आग्रहामुळे काही अनाथ पिल्लं वाचवली गेली आणि त्यांचे वंशज आज कॅप्रॉक कॅनियन्स या दुसऱ्या स्टेट पार्कमध्ये चरतायत.

पार्क झालं ते मंदीच्या काळात. 1933 मध्ये राज्याने जमीन घेतली, पण पैसे उधारीवर, गेटवर जमणाऱ्या फीमधून ते फिटायला 1966 उजाडलं. बांधकाम केलं सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअरच्या पोरांनी आणि जुन्या सैनिकांनी, ही राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची बेरोजगारांसाठीची योजना, महिना 30 डॉलर, त्यातले साधारण 25 घरी पाठवायचे. 1937 पर्यंत सात तुकड्या आल्या, त्यात काळ्या माणसांच्या वेगळ्या तुकड्याही होत्या. कड्यावरून तळापर्यंत आपण गाडीने जातो तो वळणावळणाचा रस्ता त्यांनीच केलाय. कड्याच्या टोकावरच्या दगडी केबिन आणि खालच्या काऊ कॅम्प केबिनही त्यांच्याच, जाल तेव्हा त्या भिंतींवर हात फिरवून बघा, दगड कसे घडवून बसवलेत ते कळेल. काम अर्धवट असतानाच 4 जुलै 1934 ला पार्क उघडलं.

एक महत्त्वाचं, ते जुने तळ थंडीसाठी होते हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात तळाशी पारा 100 फॅरेनहाइटच्या पार वर जातो, लाइटहाउस ट्रेल जाऊन-येऊन 6 मैलांच्या आसपास आणि बराचसा उघड्यावर, उष्माघाताने तिथे माणसं गेलीयेत. म्हणून जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च बघा, पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या, आणि पाऊस झाला असेल तर नदी ओलांडणाऱ्या सखल रस्त्यांचं काय झालंय ते गेटवर विचारूनच खाली उतरा.