एमआरआयच्या इंजेक्शनने अंगाला मॅग्नेट चिकटतं का?

"एमआरआयला लोखंडाचं इंजेक्शन देतात, मग माणूस कायमचा चुंबक होतो" असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय.

पहिली गोष्ट, बहुतेक वेळा देतात ते गॅडोलिनियम या धातूचं औषध, त्यात लोखंड नसतंच. रिपोर्टवर कॉन्ट्रास्टचं, म्हणजे या इंजेक्शनच्या औषधाचं, नाव असतं, बघा.

आयर्न ऑक्साइडवाली औषधं आहेत, पण त्यातल्या कणांचा गाभा जेमतेम 5-10 नॅनोमीटरचा, आणि एवढ्या बारीक कणाची चुंबकीय दिशा अंगातल्या उष्णतेनेच सारखी उलटीसुलटी होत असते, त्यामुळे मशीनच्या फील्डमध्ये ते सगळे एका दिशेला वळतात आणि तुम्ही बाहेर आलात की लगेच विस्कटतात, चुंबकत्व मागे उरतच नाही. आत असताना मात्र ते आसपासच्या पाण्याचा सिग्नल पटकन विझवतात, म्हणून निरोगी लिव्हर, जिथल्या पेशी हे कण गिळतात, काळं दिसतं आणि कॅन्सरची गाठ, जिच्यात अशा पेशी जवळजवळ नसतातच, ती उजळ राहते. भारी आयडिया आहे खरं तर!

नंतर पेशी ते कण हळूहळू फोडतात, लोह शरीराच्या साठ्यात जातं. ॲनिमियासाठीचं फेरुमॉक्सिटॉल याच जातीचं, एका डोसात 510 मिलिग्रॅम लोह. अंगात आधीच 3-4 ग्रॅम असतं, तरी फ्रिजवरचं मॅग्नेट कोरड्या दंडावर टिकत नाही, लावून बघा (पेसमेकर असेल तर नको). एवढंच की फेरुमॉक्सिटॉल घेतलं असेल तर पुढचे 3 महिने एमआरआयच्या फोटोत फरक पडू शकतो, तेवढं आधी सांगून ठेवा.