वासरांचा गोठा : रचना आणि वायुवीजन

जन्मल्यापासून साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या कालवडी, गोऱ्हे आणि म्हशीची पारडी यांच्यासाठी मोठ्या जनावरांपासून वेगळा राखलेला निवारा म्हणजे वासरांचा गोठा. मोठ्या गोठ्याच्या एका कोपऱ्याला आडोसा लावला की वासरांची सोय झाली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. उभ्या गायीचे नाक जमिनीपासून चारेक फुटांवर असते. वासरू मात्र दिवसातले १६ ते १८ तास बसून काढते आणि बसलेल्या वासराचे नाक जमिनीपासून जेमतेम फूट-दीड फुटावर असते. शेण-मुतातून निघणारा अमोनिया, ओल आणि पेंढ्याची धूळ यांचा मारा याच थरात सर्वांत जास्त असतो. गोठ्यात डोकावणाऱ्या माणसाचे नाक पाच फुटांवर, त्यामुळे त्याला यातले फारसे जाणवत नाही. जागा, छप्पर, भिंती, जमीन, पंखे या सगळ्यांची परीक्षा त्या फूट-दीड फूट उंचीवर करावी लागते.

वेगळ्या गोठ्याची गरज

देशी गाय वासरू लावल्याशिवाय सहसा पान्हवत नाही. त्यामुळे खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी अशा गायी पाळणाऱ्या घरांत वासरू आईच्या नजरेसमोर बांधलेले असे. गायी दिवसभर रानात चरायला जात, गोठा रिकामा राहून वाळे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बायफसारख्या संस्थांनी संकरित पैदास शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली आणि हे चित्र पालटत गेले. होल्स्टीन किंवा जर्सी रक्ताची गाय वासराविना धार देते, दूध डेअरीला जाते, वासरू आईपासून लवकर तोडून बादलीने पाजले जाते आणि जनावरे बारा महिने गोठ्यातच राहतात. आईची ऊब गेली, गोठ्याला वाळायला मिळणारी सवड गेली. वासराला स्वतंत्र जागेची गरज इथून सुरू झाली.

वासराच्या शरीराकडूनही तीच मागणी येते. गायीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाकडे जात नाहीत. ती वासराला फक्त चिकातून, म्हणजे व्यालेल्या गायीच्या पहिल्या दुधातून मिळतात. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३० किलोच्या वासराला सुमारे ३ लिटर चीक पहिल्या काही तासांत पोटात जावा लागतो, कारण २४ तासांत आतड्याची ती द्रव्ये शोषून घेण्याची ताकद संपते. खरवसाचा वाटा वासराचा वाटा झाल्यावरच काढावा, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. चिकातून आलेले हे संरक्षण दोन-तीन आठवड्यांनंतर ओसरू लागते आणि वासराचे स्वतःचे अजून पुरते उभे राहिलेले नसते. हगवण प्रामुख्याने पहिल्या काही आठवड्यांत, तर ढास आणि फुफ्फुसदाह त्यानंतरच्या या मधल्या काळात गाठतात. हवा खराब असेल तर चीक वेळेवर पाजलेली वासरेही आजारी पडतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. नवजात वासराचे कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा कप्पा, अजून कामाला लागलेले नसते, त्यामुळे चारा आंबण्यातून गायीला मिळते ती आतली ऊब त्याला मिळत नाही. नवजात वासराला साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तर निफाडकडे काही वर्षी हिवाळ्यात तो ५ अंशांच्या खाली उतरतो. एकाच गोठ्याला या दोन्ही टोकांना तोंड द्यावे लागते.

खेळती हवा आणि झोत

गोठ्यातली हवा दोन कारणांनी बदलते. बाहेरचा वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने जातो. किंवा आतली हवा जनावरांच्या अंगच्या उष्णतेने तापून वर चढते, आढ्यातून निघून जाते आणि तिच्या जागी वळचणीखालून ताजी हवा येते. माळवदाच्या घराला धूर जाण्यासाठी ठेवलेले साणे याच तत्त्वावर काम करते. मोठ्या जनावरांच्या गोठ्यात ही दुसरी ओढ चांगली चालते. वासरांच्या गोठ्यात ती दुबळी पडते, कारण पाच-दहा वासरे मिळूनही गोठाभर हवा तापवू शकत नाहीत. गायींच्या गोठ्यात पुरेसा पडलेला आढ्याचा झरोका वासरांच्या गोठ्यात अपुरा ठरतो तो यामुळेच. थंड देशांतील बांधणीत गोठ्याच्या दर १० फूट रुंदीमागे आढ्यावर सलग २ इंच फट आणि दोन्ही वळचणींना मिळून तेवढीच फट ठेवण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. लांबीच्या दोन्ही बाजू उघड्याच लागतात.

हवा हवी, पण झोत नको. सेकंदाला साधारण एक फूट किंवा त्याहून कमी वेगाने सरकणारी हवा बसलेल्या वासराला जाणवत नाही. थंडीत त्याहून जोराचा वारा थेट अंगावर आला की वासराची ऊब उडून जाते. हे टाळण्यासाठी हिवाळ्यात गोठा गोणपाट किंवा ताडपत्रीने गुंडाळला जातो आणि महाराष्ट्रातल्या वासरांच्या गोठ्यातली सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते. गोणपाट वळचणीला अडकवून खाली सोडतात. वरून घट्ट, खाली जमिनीशी हात-दीड हात मोकळे. दमट, कोंदट हवा बाहेर पडण्याची वाट त्यामुळे बंद होते आणि थंड वारा नेमका वासराच्या अंगावर येतो. पडदा याच्या उलट लावायचा असतो: जमिनीशी पक्का बांधून खालून वर ओढायचा, तीन-चार फुटांपर्यंत आडोसा करायचा आणि त्याच्या वर वळचणीपर्यंतची जागा रात्रीसुद्धा मोकळी ठेवायची. पहाटे पत्र्याला आतून दवाचे थेंब लटकलेले दिसले की गोठा जास्त बंद केला आहे असे समजावे.

कप्प्यांच्या भिंतींचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गोठ्यातल्या वाटेवरची हवा आणि वासराच्या कप्प्यातली हवा वेगवेगळी तपासली. मधल्या वाटेवर हवा बऱ्यापैकी स्वच्छ असतानाही चारही बाजूंनी भिंती असलेल्या कप्प्यात हवेतले जिवाणू जास्त भरले. दोन वासरांच्या मधली भिंत मात्र उपयोगी ठरली, कारण ती खोकल्याचे तुषार अडवते. त्या पाहणीत वासराला आत रुतून बसता येईल इतके कोरडे गवत हेदेखील आजार कमी करणारे ठरले. यावरून निघणारी रचना सोपी आहे: शेजारच्या वासराकडची बाजू भरीव, पुढची आणि मागची बाजू जाळीची किंवा गजांची.

बाहेरची हवा पंख्याने आत ढकलून भोके पाडलेल्या लांब प्लास्टिकच्या नळीतून संथपणे खाली सोडायची पद्धतही थंड देशांत रूढ आहे. भोकांचा आकार असा ठरवतात की जमिनीपासून चार फुटांवर येईपर्यंत हवेचा जोर मरतो. हिवाळ्यात तासाला चार वेळा गोठ्यातली हवा बदलेल इतका पुरवठा ठेवतात. आपल्या उघड्या गोठ्यांना हिची गरज क्वचित पडते. जुने गोदाम किंवा बंद पोल्ट्री शेड वासरांसाठी वापरायची असेल तर मात्र खिडक्या फोडण्याबरोबर हाही उपाय विचारात घ्यावा.

छप्पर आणि दिशा

उन्हाळ्यात वासराला हवेपेक्षा तापलेल्या पत्र्याचा जाच अधिक होतो. लोखंडी पत्रा उन्हात तापतो आणि खाली उष्णता फेकत राहतो. बुटक्या छपराखाली ती सगळी वासराच्या पाठीवर येते. वळचण निदान ८ ते १० फूट आणि आढे त्याहून चार-पाच फूट उंच ठेवावे. पत्र्यावर चुन्याची सफेदी मारणे किंवा उसाचे पाचट, कडब्याच्या पेंढ्या अंथरणे हे स्वस्त आणि खरोखर गुण देणारे उपाय आहेत. कौलारू छप्पर जुने वाटले तरी वासरांसाठी उत्तम, कारण कौलांच्या सांध्यांतून हवा झिरपत राहते.

कोरड्या, उष्ण भागात गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने ऊन फक्त अरुंद टोकांना लागते आणि हिवाळ्यात कललेले ऊन दक्षिणेकडून आत येते. दमट भागात जमीन वाळायला सकाळ-संध्याकाळचे ऊन आत यावे म्हणून दक्षिणोत्तर रचना सुचवली जाते. कोकण आणि गोव्यात मात्र पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस हाच मोठा प्रश्न असतो. तिथे त्या बाजूची वळचण लांब बाहेर काढावी किंवा जांभ्याची भिंत अर्ध्या उंचीपर्यंत चढवून वर झापाचा आडोसा करावा.

फॉगरबद्दल एक इशारा द्यायला हवा. पाण्याचे तुषार कोरड्या हवेत लगेच उडतात आणि गारवा देतात. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात ते कामाचे आहेत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तुषार उडत नाहीत, गवत ओले करतात आणि फायद्याऐवजी रोगच वाढवतात. परदेशात प्रसिद्ध असलेल्या एकेका वासरासाठीच्या पांढऱ्या फायबरच्या घरकुलांचेही तसेच. झाडाच्या सावलीत ती चांगली चालतात, उघड्या उन्हात मात्र आतली हवा भट्टीसारखी तापते. म्हशीच्या पारडांना याची झळ अधिक, कारण त्यांचे कातडे काळे आणि त्यात घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कमी.

जमीन

हवा बिघडवणारा अमोनिया तयार होतो तो जमिनीवर, म्हणून वायुवीजनाचा निम्मा भाग उताराचा आणि निचऱ्याचा आहे. कोबा केला असेल तर दर १० फुटांना २ ते ३ इंच उतार नालीकडे हवा आणि पृष्ठभाग खरबरीत हवा. कोब्यावर वासराला उघडे बसवू नये; हिवाळ्यात कोबा अंगातली ऊब ओढून घेतो. खाली खडी, वर मुरूम आणि त्यावर जाड अंथरूण ही जुन्या धाटणीची जमीन वासराला जास्त मानवते. अंथरूण त्या त्या भागात मिळेल ते: कोकणात भाताचा पेंढा, पश्चिम महाराष्ट्रात पाचट, इतरत्र गव्हाचे काड. सोयाबीनचे भुसकट टोचते आणि धूळ करते, त्यामुळे लहान वासरांना ते बरे नाही. बसलेल्या वासराचे पाय गवतात पूर्ण झाकले जात असतील तर थंडीसाठी अंथरूण पुरेसे आहे. पाय उघडे दिसत असतील तर कमी आहे. उन्हाळ्यात एवढ्या जाडीची गरज नाही, कोरडेपणाची मात्र आहे.

जागा आणि सोबत

भारतात दोन महिन्यांपर्यंतच्या वासराला साधारण १ चौरस मीटर छपराखाली आणि २ चौरस मीटर उघड्यावर, त्याहून मोठ्या वासराला याच्या दुप्पट जागा धरली जाते. गव्हाणीवर प्रत्येकी ४० ते ५० सेंटिमीटर. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार आठ आठवड्यांवरच्या वासराला, आजारपण सोडता, एकट्याने कोंडता येत नाही आणि त्याआधीही कप्प्याच्या भिंतीतून दुसरे वासरू दिसले व शिवता आले पाहिजे. भरीव भिंतीचा सल्ला आणि हा नियम यांत ओढाताण आहे, हे खरे. एकाच वयाची दोन वासरे पहिल्या आठवड्यानंतर जोडीने ठेवणे हा त्यातला बरा मार्ग; जोडीतली वासरे खुराकही लवकर खाऊ लागतात. मोठ्या वासरांत लहान मिसळणे मात्र टाळावे. मोठी वासरे स्वतः ठणठणीत दिसत असूनही हगवणीचे आणि ढाशीचे जंतू बाहेर टाकत असतात, म्हणून वारा लहान वासरांकडून मोठ्यांकडे वाहील अशी कप्प्यांची मांडणी करावी. पश्चिम महाराष्ट्रात पसरलेल्या, जनावरे न बांधता मोकळी ठेवण्याच्या मुक्त संचार पद्धतीत तीन महिन्यांवरच्या वासरांना कुंपणाचे मोकळे अंगण मिळते आणि त्यांच्यासाठी तोच सर्वांत निरोगी गोठा आहे.

पारख

यंत्राशिवाय करता येणाऱ्या तीन तपासण्या आहेत आणि तिन्हींसाठी खाली बसावे लागते. वासराशेजारी अंथरुणावर वीस सेकंद गुडघे टेकावेत; कपड्याला ओल लागली तर अंथरूण बदलावे. तिथेच बसून दोन-तीन मिनिटे श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला तर वासरू दिवसभर तेच ओढते आहे. मग उदबत्ती पेटवून ती अंथरुणाच्या गवतापासून दूर, वासराच्या नाकाच्या उंचीवर हातात धरावी. धूर जागच्या जागी घुटमळला तर हवा कोंदली आहे, आडवा फाटून पळाला तर झोत आहे, हळूहळू एका दिशेला सरकत वर निघाला तर गोठा ठीक आहे. ही तपासणी दुपारी करून उपयोग नाही. पडदे ओढल्यावर, रात्रीच्या धारा आटोपल्यावर ती करावी.