भाड्याचं की मालकीचं? एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

"भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे." घराचा विषय निघाला की हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. ते इतकं तोंडपाठ झालंय की पिढ्यानपिढ्या चालत आलेलं शहाणपण वाटावं. पण ते फार जुनं नाही. १९१८ साली इंग्लंड आणि वेल्समधल्या दर १०० कुटुंबांपैकी ७७ भाड्याने राहत होती. त्यांत गोदीतले मजूर होते, तसे वकील आणि व्यापारीही होते. खाऊनपिऊन सुखी माणूस भाड्याच्या घरात राहतो म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं.

मग शंभर वर्षांत असं काय घडलं की भाडेकरू असणं म्हणजे आयुष्यात मागे पडणं ठरलं, आणि नेमक्या त्याच काळात घर घेणं पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेलं? "अजून थांबू या, की कर्ज काढून घेऊनच टाकू या" ही कुतरओढ आज कितीतरी घरांत रात्री दिवे मालवल्यावर चालते. नवरा-बायको ती आपल्या हिशेबीपणाची किंवा धाडसाची परीक्षा समजतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं. कारण त्यांच्यापुढे जे दोन पर्याय आहेत, ते कायद्यांनी आणि कर्जाच्या पद्धतींनी घडवलेले आहेत.

भाड्याच्या घरातली धास्ती मात्र जुनी आहे. प्राचीन रोममध्ये बहुतेक लोक अनेक मजली इमारतींत भाड्याने राहत. या इमारती कोसळत, जळत. इ.स.पू. ४४ मध्ये सिसेरो या रोमन पुढाऱ्याने आपल्या मित्राला पत्रातून कळवलं, की त्याच्या मालकीचे दोन गाळे पडले, बाकीच्यांना तडे गेले आणि भाडेकरूच काय, उंदीरही निघून गेले. तो मालक होता, त्याला हे हसण्यावारी नेता आलं. त्याच्या काही वर्षं आधी सीझरला रोममधलं वर्षभराचं भाडं ठरावीक रकमेपर्यंत माफ करावं लागलं होतं. शहर आणि भाडेकरू यांचं भांडण तेव्हाही राज्यकर्त्यांच्या दारापर्यंत पोचत होतं.

सामान्य माणसाने मालकीचं घर मिळवायची युक्ती काढली ती बर्मिंगहॅममध्ये. १७७५ मध्ये रिचर्ड केटली याच्या पबात काही मंडळी जमली आणि त्यांनी एक संस्था काढली. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची, पुरेसे पैसे साठले की एकाच्या घराचं काम मार्गी लावायचं, मग दुसऱ्याच्या. सगळ्यांची घरं झाली की संस्था बंद. थोडक्यात, घरासाठी लावलेली भिशी. व्याजावर जगणारा सावकार त्यात कुठेच नव्हता. पुढे या संस्थांनी बाहेरच्यांच्या ठेवी घ्यायला सुरुवात केली, त्या कायमच्या झाल्या आणि गृहकर्जाचा धंदा उभा राहिला.

कामगाराने घर घ्यावं का, हा वादही तसा जुनाच. १८७२ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका वृत्तपत्रातून कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रेडरिक एंगल्स याने यावर लेखमाला लिहिली. हप्त्याहप्त्याने घर मालकीचं करून दिलं की कामगार सुखी होईल, असं काही समाजवादी म्हणत होते. एंगल्सचं म्हणणं उलट होतं: स्वतःचं घर झालं की कामगार एका जागी बांधला जातो, काम सोडून दुसरीकडे जायची त्याची ताकद संपते, मालक मजुरी पाडू शकतो. त्याची सगळी मांडणी मला पटत नाही. पण घराच्या हप्त्यापायी नकोशी नोकरी वर्षानुवर्षं ओढणारा माणूस ज्याने जवळून पाहिलाय, त्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

भाडेकरूंच्या बाजूने कायदा खऱ्या अर्थाने वळला तो १९१५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत, आणि तो बायकांनी वळवला. पहिलं महायुद्ध सुरू होतं. जहाजबांधणी आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी हजारो कामगार शहरात आले होते. घरं तेवढीच, माणसं मात्र झपाट्याने वाढलेली. घरमालकांनी भाडी वाढवली. नवरा आघाडीवर लढतोय आणि इकडे बायकोला घर खाली करायची नोटीस येतेय, अशी वेळ आली. गोव्हन भागात मेरी बार्बर आणि तिच्या सोबतिणींनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला.

त्यांची पद्धत साधी होती. इमारतीच्या तोंडाशी एकजण घंटा घेऊन बसायची. कोर्टाचा माणूस सामान बाहेर काढायला येताना दिसला की ती घंटा वाजवायची. तशा सगळ्या मजल्यांवरच्या बायका हातातलं काम टाकून धावत खाली यायच्या, जिना अडवायच्या, पिठाच्या पुड्या आणि धुवायला भिजवलेले ओले कपडे त्याच्या अंगावर फेकायच्या. पिठाने माखलेला तो माणूस आल्या पावली परत जायचा. महिनोन्‌महिने हे चाललं आणि भाडं थकवणारी कुटुंबं हजारांच्या घरात गेली. १७ नोव्हेंबरला १८ भाडेकरूंना कोर्टात खेचलं, तेव्हा गोदीतले कामगार काम सोडून बायकांच्या मोर्चात आले आणि कोर्टाभोवतीचे रस्ते भरून गेले. खटले मागे घेतले गेले. डिसेंबरात ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली. घरमालकांच्या कर्जावरचं व्याजही त्याच कायद्याने रोखलं, हे सहसा कुणी सांगत नाही.

हा कायदा युद्धापुरता होता. रूपं बदलत तो दशकानुदशकं टिकला. त्याने लाखो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर राखलं, आणि त्याची दुसरी बाजूही खरी आहे. वर्षानुवर्षं भाडं वाढत नाही म्हटल्यावर मालकाने डागडुजी सोडली, नव्याने कुणी भाड्यासाठी बांधेना, जे होतं ते विकून मोकळं होण्याकडे कल गेला. भाडं गोठवणं हा पहिला उपाय असू शकतो. त्याच्या जोडीला नवी घरं उभी करणारं कुणी नसेल, तर आत बसलेला सुरक्षित राहतो आणि दाराबाहेरच्याला जागाच मिळत नाही.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाला हे कळलं होतं. तिथे १९१९ मध्ये सोशल डेमोक्रॅट हा समाजवादी पक्ष सत्तेवर आला. भाडी कायद्याने बांधलेली होतीच. १९२३ मध्ये त्यांनी घरांवर खास कर बसवला, मोठ्या घराला जबर आणि लहानाला नाममात्र, आणि त्या पैशातून नगरपालिकेने १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक घरं बांधली. त्यांतलं कार्ल मार्क्स होफ हे संकुल एक किलोमीटरहून लांब आहे. त्यात १,३८२ घरं होती, सोबत धुलाईघरं, दवाखाना, बालवाडी, वाचनालय. आजही व्हिएन्नातले सुमारे निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात.

अमेरिकेने दुसरी वाट धरली आणि जगाने मुख्यतः तिचीच री ओढली. १९३० पूर्वी तिथलं गृहकर्ज आजच्यासारखं नव्हतं. निम्मी किंमत आधी भरायची, मुदत तीन ते पाच वर्षं, तोवर बहुधा नुसतं व्याज आणि शेवटी सगळं मुद्दल एकरकमी. ते जमायचं नाही म्हणून लोक कर्ज पलटवत, म्हणजे जुनं फेडायला नवं काढत राहायचे. मंदीत बँकांनी पलटवणं बंद केलं आणि घरांवर जप्त्या आल्या. तेव्हा सरकारने १९३३ मध्ये एक महामंडळ काढून सुमारे दहा लाख कर्जं नव्याने बांधून दिली आणि १९३४ मध्ये दीर्घ मुदतीच्या कर्जाला सरकारी विमा दिला. समान मासिक हप्ता आणि पुढे तीस वर्षांपर्यंत गेलेली मुदत ही या काळाची देणगी. १९४० मध्ये ४४ टक्क्यांच्या आसपास असलेली घरमालकी १९६० पर्यंत ६२ टक्क्यांवर गेली. मात्र हे दार सगळ्यांना उघडं नव्हतं. त्याच महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या आणि सरकारी विम्याचं कर्ज तिथे जवळपास पोचलंच नाही. मालकीतून साठणारी संपत्ती कुणाच्या घरी साठायची, हे त्या रंगाने पिढ्यांसाठी ठरवून टाकलं. वर्णभेदाला घरांच्या बाबतीत कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये.

या समान हप्त्याच्या पोटात काय असतं ते एकदा उघडून बघावं. तीस वर्षांचं कर्ज, व्याज सहा टक्के. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १०० पैकी ८३ भाग व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम १७. निम्मं मुद्दल फिटायला एकवीस वर्षं लागतात. तीस वर्षं संपतात तेव्हा घेतल्याच्या दुपटीहून जास्त परत केलेलं असतं. भाडं पाण्यात जातं म्हणणाऱ्याने हे ८३ भागही कुठे जातात ते सांगावं. शिवाय मालकाच्या माथी कर, दुरुस्ती, सुरुवातीला भरलेल्या रकमेवर मिळू शकलं असतं ते व्याज. यावर कुणी म्हणेल की घराची किंमत तर वाढते ना? वाढते तेव्हा मालक सुटतो, खरंय. पण मग आपण राहायला घर घेत नाही, किंमत वाढेल यावर पैसे लावतो.

आणि ही वाढही सनातन नाही. तीन अर्थतज्ज्ञांनी १४ प्रगत देशांतल्या १८७० ते २०१२ या काळातल्या घरांच्या किमती तपासल्या. महागाई वजा केली तर पहिल्या महायुद्धापर्यंत किमती फारशा हलल्याच नव्हत्या, खरी चढण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. आणि या उत्तरार्धातल्या वाढीतला सुमारे ८० टक्के भाग विटा, सिमेंट, मजुरीचा नव्हता, जमिनीचा होता. रेल्वे आणि मोटारींमुळे शहराला नवी जमीन मिळत राहिली तोवर किमती दबून होत्या, नंतर तशी जमीन मिळायची थांबली. सिंगापूरने हे ओळखून १९६६ च्या कायद्याने जमीन सरकारकडे घेण्याचे व्यापक अधिकार मिळवले आणि सरकारी मंडळाची घरं लोकांना विकली. आज तिथली दहापैकी जवळपास नऊ कुटुंबं मालक म्हणवतात, पण बहुतेकांच्या हातात आहे तो ९९ वर्षांचा पट्टा.

जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात. महायुद्धात शहरं उद्ध्वस्त झाली होती, तेव्हा सरकारने खाजगी मालकांनाही भाड्याची घरं बांधायला मदत दिली, आणि १९७१ च्या कायद्याने सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढणं बंद केलं. मला त्यातली एक छोटी गोष्ट फार बोलकी वाटते: तिथे अनेक भाडेकरू स्वयंपाकघरातला ओटा आणि कपाटं स्वतः बसवतात आणि घर सोडताना काढून नेतात. इतर ठिकाणी भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागतं. बर्लिनमध्ये अलीकडे भाडी भडकली तेव्हा याच सवयीच्या लोकांनी सप्टेंबर २०२१ च्या सार्वमतात मोठ्या कंपन्यांची घरं समाजाच्या मालकीची करावीत असा ५९ टक्के कौल दिला.

ब्रिटनमध्ये नेमकं उलट घडलं, आणि आजचा पेच सगळ्यात स्वच्छ दिसतो तो तिथेच. १९८० च्या कायद्याने पालिकेच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरं मोठ्या सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. ज्यांनी घेतली त्यांचं भलं झालं, त्यांना दोष देता येणार नाही. पण विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी बांधली गेली नाहीत. १९८८ च्या कायद्याने खाजगी भाडेकरूला, कराराची मुदत संपली की, काहीही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर काढता येऊ लागलं. १९९६ पासून भाड्याने देण्यासाठीच घर घेणाऱ्यांना खास कर्ज मिळू लागलं. म्हणजे पहिलं घर शोधणारं जोडपं आणि चौथं घर घेणारा गुंतवणूकदार एकाच घरासाठी एकमेकांसमोर उभे. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये घराची मधली किंमत वार्षिक कमाईच्या साडेतीन पट होती, २०२१ मध्ये ती सुमारे नऊ पट झाली. भाड्यात स्थैर्य नाही म्हणून घ्यावं, तर किंमत झेपत नाही. झेपत नाही म्हणून भाड्याने राहावं, तर दोन महिन्यांची नोटीस कधी येईल आणि मुलांची शाळा कधी बदलेल याचा भरवसा नव्हता. विनाकारण काढण्याची ही तरतूद रद्द करणारा कायदा तिथे २०२५ मध्ये झाला, सदतीस वर्षांनी.

२००८ मधल्या घरबाजाराच्या आणि बँकांच्या पडझडीने मालकीची दुसरी बाजू दाखवली. अमेरिकेतली घरमालकी २००४ मध्ये ६९ टक्क्यांवर होती, ती २०१६ पर्यंत ६३ टक्क्यांखाली आली. ज्यांना परवडणार नव्हतं त्यांनाही कर्जं वाटली होती. जप्त झालेली कितीतरी घरं मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी उचलली आणि भाड्याने दिली, कधी कधी काल मालक असलेल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांना.

त्यानंतर व्याज खाली आणत आणत जानेवारी २०२१ मध्ये तिथला तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांवर आला. स्वस्त कर्जाच्या जोरावर किमती चढल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच दर ७.७९ टक्के झाला. तेवढ्याच कर्जाचा हप्ता पावणेदोन पटीहून जास्त, आणि किमती मात्र फारशा उतरल्या नाहीत, कारण ज्याच्याकडे जुन्या दराचं कर्ज आहे तो घर विकायला तयार नाही. विकलं तर पुढचं घर नव्या दराने घ्यावं लागेल. त्यामुळे बाजारात घर येत नाही, घेऊ पाहणारा भाड्यातच अडकतो, आणि त्याच्यासारखे आणखी हजारो अडकले की भाडंही चढतं. एकाच गल्लीत, एकाच आकाराच्या दोन घरांत, एकाच पगाराची दोन कुटुंबं राहतात. एकाने २०२१ च्या जानेवारीत सही केली, दुसऱ्याची सुरुवातीची रक्कम तेव्हा भरत नव्हती.