बैठक (कामाच्या ठिकाणची)

एका ठिकाणी काम करणाऱ्यांनी ठरलेल्या वेळी ठरलेल्या विषयावर बोलून काहीतरी निर्णय करायला एकत्र बसणं म्हणजे बैठक. तोंडी सगळे मीटिंगच म्हणतात, कागदावर मात्र बैठक किंवा सभा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दोन्ही चालतं. लावणीची बैठक आणि तालमीतल्या जोर-बैठका इथे घेतलेल्या नाहीत. खानदेशातली सगळ्यात गाजलेली सभा, म्हणजे १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, तेही या नोंदीच्या बाहेरचंच.

शब्दाच्या उगमावर मतभेद आहेत. मराठीचं रोजचं क्रियापद बसणे, जुनं रूप बैसणे, आणि ते संस्कृत उपविश् वरून आलं हे साधारण मान्य आहे. पण बैठक मधला ठ येतो उपविष्ट या भूतकाळी रूपातून, हिंदीतल्या बैठना सारखा, त्यामुळे काहीजण हा शब्द हिंदीतून आलेला धरतात. दुसरी बाजू म्हणते की बैठा हे रूप मराठीत आधीपासून आहे, बैठा पगार आपण म्हणतोच. अहिराणीत तर बठनं, बठेल अशी ठ-ची रूपं घरात बोलतात, शेजारच्या गुजरातीतही बेठो आहे, तेव्हा निदान खानदेशापुरता तरी शब्द उसना मानायची गरज दिसत नाही. बैठकीची लेखी नोंद म्हणजे मिनिट्स, त्या शब्दाचंही तसंच. वेळेच्या मिनिटाशी त्याचा संबंध लावणारे भेटतात, पण लॅटिनमधल्या बारीक अक्षरातल्या कच्च्या टिपणाशी लावलेला संबंध जास्त पटतो. मराठीत इतिवृत्त, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा तर सरळ प्रोसिडिंग.

इथल्या ऑफिसातल्या बैठकीचा साचा बराचसा सहकारी संस्था आणि ग्रामपंचायतीतून आलेला वाटतो, कारण विकास सोसायटी, दूध डेअरी, पतपेढी यांच्या सभांना बसलेला माणूसच पुढे एमआयडीसीतल्या डाळ मिलच्या किंवा पाइपच्या कारखान्याच्या ऑफिसात येतो. पहिला विषय ठरलेला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, आणि शेवटचा पण ठरलेला, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. या शेवटच्या कलमातच खरी गडबड होते, ज्या विषयाची कोणी तयारी केलेली नसते तो तिथून आत शिरतो आणि लाखाच्या मशीनला दोन मिनिटं दिलेली मंडळी गाड्या लावायच्या शेडवर तासभर बोलतात. म्हणून विषयपत्रिका आदल्या दिवशी हातात पडलेली बरी, तीन-चारच विषय असावेत, अवघड विषय आधी असावा, आणि ज्याचा विषयाशी संबंध नाही त्याला बोलावूच नये.

गणपूर्ती म्हणजे कोरम, सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी. कोरम हा शब्द इंग्लंडमधल्या न्यायाधीशांच्या नेमणूकपत्रातल्या लॅटिन वाक्यातून आला, अर्थ ‘ज्यांच्यापैकी’. २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालक मंडळासाठी एकूण संख्येच्या एक-तृतीयांश किंवा दोन, यातलं जे जास्त ते लागतं, ग्रामसभेला मात्र १५ टक्के मतदार किंवा १००, यातलं जे कमी ते. सहकारी संस्थेत लोक जमले नाहीत तर सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा घेतात, तिला बहुतेक ठिकाणी गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे अनुभवी लोक सरळ अर्धा तास उशिरा येतात. ऑफिसच्या आतल्या बैठकीला असा काही कायदा नाही. तरी ज्याच्या सहीशिवाय काम हलणार नाही तो माणूस नसेल तर बसून उपयोग नाही, पुढची तारीख घेतलेली बरी.

इतिवृत्तात कोण काय बोललं हे लिहायची फार हौस असते. लागतं एवढंच: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. कंपनी कायद्याने संचालक मंडळाचं इतिवृत्त ३० दिवसांत तयार लागतं, पण रोजच्या कामाचं त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकलेलं चांगलं, नाहीतर पुढच्या वेळी ‘असं ठरलंच नव्हतं भो’ पासून सुरुवात. हजेरीच्या वहीवरची सही म्हणजे होकार नाही, हे पण लक्षात ठेवायचं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बैठक सकाळीच. जेवणानंतर लावली तर निम्मे पेंगतात. शिफ्ट बदलताना मुकादम उभ्या-उभ्या पाच मिनिटांत कामं वाटतो, त्याला कोणी बैठक म्हणत नाही, पण काम तिथेच होतं. धडगावच्या लोकांना नंदुरबारला यायला घाट उतरावा लागतो, अर्धा दिवस जातो, तिथे व्हिडिओवर घेतलेली बरी, रेंज असली तर. संचालक मंडळाच्या बैठकीत व्हिडिओवरची हजेरी गणपूर्तीतही धरतात.