पार्श्वभूमी : पोटरी ‘आखडली’ म्हणजे नेमकं काय झालं?

सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहानपणीच हालचालींवर परिणाम करणाऱ्या विकारात, इजा मेंदूला होते आणि ती पुढे वाढत नाही. मूल मात्र वाढतं, हाडं लांबतात, पोटरी मागे पडते. मग टाच टेकेनाशी होते आणि मूल चवड्यांवर चालू लागतं. एकोणिसाव्या शतकापासून यावर टाचेची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, कापली जायची. आतला स्नायू दिसायचा तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच.

1972 मध्ये मांजरांवरचा एक प्रयोग गाजला. पोटरीचा स्नायू आखूड राहील अशा अवस्थेत पाय प्लास्टरमध्ये ठेवला, तर स्नायूतंतूतले सुमारे 40 टक्के सार्कोमिअर, म्हणजे आकुंचन पावणारे सूक्ष्म घटक, नाहीसे होतात असं दिसलं. मुलांचंही तसंच होत असणार, हे मग जवळपास गृहीतच धरलं गेलं. मांजराची पोटरी निरोगी होती आणि तिला फक्त बांधून ठेवलं होतं, हा फरक फारसा कुणी मनावर घेतला नाही.

2002 मध्ये दोन निष्कर्ष पुढे आले, वरवर एकमेकांना छेद देणारे. दोन्ही पाय बाधित असलेल्या मुलांच्या पोटरीची सोनोग्राफी केली, तेव्हा तंतूंच्या जुड्या निरोगी मुलांच्या तुलनेत आखूड निघाल्या नाहीत. त्याच वर्षी मनगट वाकवणाऱ्या स्नायूवर शस्त्रक्रियेदरम्यान लेझरने मोजमाप झालं, तर तिथले सार्कोमिअर भलतेच ताणलेले! एक हात, एक पाय, मोजण्याची साधनंही वेगळी. तरी दोन्ही एकत्र ठेवून पाहिलं तर अर्थ लागतो: जुडीची लांबी तीच, पण प्रत्येक घटक ताणलेला, म्हणजे घटकांची संख्याच कमी. सोनोग्राफीला जुडी दिसते, सार्कोमिअर दिसत नाही.

यानंतर वाद पेटला तो ‘लांबी’ या शब्दावरून. काही गटांना जुड्या आखूड सापडल्या, काहींना नाही. मोजताना घोटा कोणत्या कोनात होता? या मुलांचं पाऊल आरामातही खाली झुकलेलं असतं, म्हणजे जुडी आधीच सैल. शिवाय लांबीला पायाच्या लांबीने भागायचं की नाही? भागलं की बुटक्या मुलाची आखूड जुडी ‘सामान्य’ ठरते. माझ्या मते अर्धी भांडणं या भागाकाराचीच होती. आपल्याकडे तर ‘शीर आखडली’ या दोन शब्दांत ताठरपणा, आखूडपणा, स्नायू आणि कंडरा सगळंच येतं. त्यामुळे आईबापांना नेमकं काय सांगितलं जातं, देव जाणे.

आकारमानाबद्दल मात्र फारसा वाद उरला नाही. प्रोब, म्हणजे त्वचेवर फिरवायचा सोनोग्राफीचा भाग, कुठे फिरतो ते कॅमेऱ्याने टिपून त्रिमितीय सोनोग्राफी करता येऊ लागली. एमआरआयमध्ये लहान मुलाला स्थिर ठेवायला गुंगी द्यावी लागते, ती अडचण इथे नव्हती. 2011 मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या 2 ते 5 वर्षांच्या मुलांच्या पोटरीतला आतल्या बाजूचा स्नायू निरोगी मुलांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी लहान आढळला. म्हणजे घसरण शाळेच्या वयाआधीच सुरू होते. त्याआधी, सेरेब्रल पाल्सीच्या 2007 च्या नव्या व्याख्येत हाडं-स्नायूंच्या दुय्यम तक्रारींचा उल्लेख आला होताच.

मग नजर वळली बोटुलिनम टॉक्सिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाकडे. ताठरपणा उतरवायला ही इंजेक्शनं वर्षानुवर्षं दिली जात होती; स्कॅनमध्ये त्यानंतर स्नायूचं आकारमान घटलेलं दिसू लागलं. गंमत अशी की त्या सुईला वाट दाखवायला सोनोग्राफीचं यंत्र ओपीडीत आधीपासूनच होतं. इंजेक्शनआधीचं मोजमाप तेवढं कुणी नोंदवत नव्हतं.