जपानमधील तरुण मॉर्मन मिशनरी : दिनक्रम आणि काम

‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या ख्रिस्ती पंथाला बोलीत मॉर्मन चर्च म्हणतात, मात्र ते नाव न वापरण्याचा आग्रह चर्चने २०१८ पासून धरला आहे. हे चर्च आपल्या तरुण सभासदांना ठरावीक मुदतीसाठी पूर्णवेळ धर्मप्रचाराला पाठवते. मुलांची मुदत २४ महिन्यांची, मुलींची १८ महिन्यांची. कुठे जायचे हे निवडता येत नाही. अर्ज गेला की काही आठवड्यांनी मुख्यालयातून बोलावणे येते आणि देश, भाषा, निघायची तारीख हे सगळे त्यातूनच कळते. किमान वय २०१२ साली मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ करण्यात आले (२०२५ च्या अखेरीस मुलींसाठीही ते १८ झाले). त्यामुळे शाळा संपल्यावर थेट विमानात बसणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. आज जगभर असे ७० हजारांहून अधिक मिशनरी काम करतात. जपानमध्ये त्यांची खरी कसोटी लागते. भाषा अवघड आहे, लोक सभ्य असले तरी दार सहसा उघडत नाहीत, आणि धर्म हा तिथे अनोळखी माणसाशी बोलायचा विषय नाही.

पूर्वपीठिका

या चर्चचे पहिले चार मिशनरी ऑगस्ट १९०१ मध्ये योकोहामाला उतरले. त्यांचा प्रमुख हेबर जे. ग्रँट पुढे चर्चचा अध्यक्ष झाला. चौघांत सर्वांत लहान असलेला आल्मा टेलर नुकताच १९ वर्षांचा झाला होता. तो आठ वर्षांहून अधिक काळ जपानमध्ये राहिला आणि त्याने केलेले ‘मॉर्मन ग्रंथ’ या चर्चच्या धर्मग्रंथाचे जपानी भाषांतर १९०९ साली छापून निघाले. आजच्या दोन वर्षांच्या मुदतीशेजारी ही आठ वर्षे ठेवली की भाषेला किती वेळ द्यावा लागतो ते समजते. हाताला लागलेले यश मात्र तुटपुंजे होते. १९२४ साली काम बंद झाले तोवर बाप्तिस्मा घेतलेल्यांचा आकडा दोनशेपर्यंतही गेला नव्हता. युद्धानंतर, १९४८ साली, काम पुन्हा सुरू झाले आणि १९८० साली टोकियोत या चर्चचे आशियातले पहिले मंदिर उभे राहिले.

मराठी मुलखातही हा प्रचार जपानच्या कितीतरी आधी पोहोचला होता. ह्यू फिंडले हा मिशनरी १८५२ साली मुंबईत उतरला आणि त्याने पुण्यातही काम केले, पण ते मूळ धरू शकले नाही.

तयारी आणि खर्च

मिशनरीला पगार नसतो, उलट खर्च त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी सोसायचा असतो. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी ही रक्कम जुलै २०२० पासून महिना ५०० डॉलर आहे, त्याआधी ती ४०० होती. टोकियोसारखे महाग शहर मिळो वा स्वस्त देश, भरणा सारखाच. फरक चर्च आपसांत सांभाळून घेते. मिशनरीच्या हाती दरमहा कार्डावर मोजके पैसे येतात आणि त्यातूनच किराणा, प्रवास, साबण-पेस्ट भागवायचे असते. घरभाडे मिशनचे, म्हणजे त्या भागातल्या मिशनरींची व्यवस्था पाहणाऱ्या विभागाचे, कार्यालय परस्पर देते.

जपानी शिकणाऱ्यांचे प्रशिक्षण साधारण नऊ आठवड्यांचे असते. ते प्रामुख्याने युटा राज्यातील प्रोव्हो येथे होते आणि महासाथीनंतर त्याचा सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन होऊ लागला. नऊ आठवड्यांत प्रार्थना करणे, स्वतःची ओळख करून देणे आणि धड्यांतील मुख्य वाक्ये बोलणे एवढे जमते. समोरच्याचे उत्तर मात्र समजत नाही, आणि पहिल्या तीन-चार महिन्यांचे खरे दुखणे तेच आहे. शिवाय धर्मग्रंथांतून उचललेली भारदस्त भाषा तोंडात बसलेली असते. त्यामुळे नवा मुलगा ‘पश्चात्ताप’ सहज म्हणतो, पण दुकानात पिशवी नको हे सांगताना अडखळतो.

जोडी

मिशनरी कधीच एकटा नसतो. मुलाबरोबर मुलगा, मुलीबरोबर मुलगी अशा जोड्या असतात. जपानमधले मिशनरी जोडीदाराला ‘दोर्यो’, म्हणजे सहकारी, म्हणतात. स्नानगृह आणि वरिष्ठांची मुलाखत वगळता दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचे, एकाच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर झोपायचे, असा नियम आहे. जोडीदार निवडण्याची मुभा नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात आणि त्यात माणूस, गाव किंवा दोन्ही बदलू शकते. नव्याला पहिले १२ आठवडे एक प्रशिक्षक जोडीदार मिळतो. तोही पुष्कळदा विशीतलाच असतो.

जोडी बिघडण्याची कारणे बहुधा धार्मिक नसतात. एक जण सहाला उठतो, दुसऱ्याला गजर ऐकू येत नाही. एक जण दारावर सगळे स्वतःच बोलतो आणि दुसऱ्याची भाषा तिथेच अडकून राहते. यावर नेमून दिलेला उपाय म्हणजे आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघांनी समोरासमोर बसून काय खटकते ते बोलणे. हे टाळणारी जोडी बदलीच्या तारखेवर डोळे लावून दिवस काढते, आणि ती ज्याच्या घरी जाते त्या यजमानाला ते लगेच जाणवते.

दिवसाचे वेळापत्रक

उठायची वेळ साडेसहाची. अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ, नाश्ता आणि दिवसाची आखणी. त्यानंतर तासभर स्वतःचा ग्रंथाभ्यास, जोडीने अभ्यास आणि भाषा. दहाच्या सुमारास बाहेर पडायचे, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत परतायचे आणि साडेदहाला दिवे मालवायचे. २०१७ पासून मिशनच्या प्रमुखाला स्थानिक परिस्थितीप्रमाणे वेळा थोड्या पुढेमागे करण्याची मोकळीक मिळाली. जपानमध्ये ती लागतेच, कारण दुपारी घरात भेटतात ते बहुधा वृद्ध, आणि नोकरदार माणूस घरी येतो तोपर्यंत मिशनरीची परतायची वेळ झालेली असते.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा. कपडे धुणे, वाणसामान, केस कापणे, थोडे फिरणे हे सगळे त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारापर्यंत उरकायचे आणि मग पुन्हा कामाला लागायचे. घरी फोन त्याच दिवशी. फेब्रुवारी २०१९ पूर्वी घरच्यांशी फोनवर बोलणे वर्षातून दोनदाच होई, नाताळला आणि मातृदिनी. आता दर आठवड्याला होते. एकाकीपणाने खचणाऱ्या मुलांसाठी हा बदल फार आधीच व्हायला हवा होता.

घर, कागदपत्रे, सायकल

परदेशी मिशनरी ‘धार्मिक कार्य’ या वर्गातील व्हिसावर येतो. त्याला निवास-कार्ड मिळते आणि ते सतत जवळ बाळगावे लागते. पत्ता ठरल्यावर १४ दिवसांत स्थानिक नगर कार्यालयात नोंदवावा लागतो. दुसऱ्या शहरात बदली झाली तर आधी जुन्या ठिकाणी निघाल्याची नोंद आणि मग नव्या ठिकाणी आल्याची. दर काही महिन्यांनी बदली होणाऱ्या मुलांकडून यातली पहिली पायरी राहून जाते, मग नवे कार्यालय त्या दाखल्यासाठी अडवते आणि कामाची अख्खी सकाळ जाते.

शेजाऱ्यांशी पहिला खटका उडतो तो कचऱ्यावरून. जळणारा, प्लॅस्टिक, बाटल्या-डबे असे प्रकार वेगळे करायचे, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि पिशवी साधारणपणे सकाळी आठच्या आत ठरल्या जागी ठेवायची. चुकीची पिशवी चिकटपट्टी लावून तिथेच सोडून देतात. जिथे धर्म सांगायचा त्याच गल्लीत ती दिवसभर दिसत राहते. म्हणून अनुभवी जोड्या नव्या घरात गेल्यावर पहिल्याच दिवशी नगरपालिकेचा कचऱ्याचा तक्ता भिंतीला लावतात.

हिवाळ्यात बहुतेक घरांत खोलीपुरती ऊब असते. रॉकेलचा हीटर असेल तर खिडकी अधूनमधून उघडावीच लागते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड साठून जीवावर बेतते. खिडक्यांवर पाणी साचून भिंतीला बुरशी धरते, तीही रोज पुसूनच आटोक्यात राहते.

फिरणे मुख्यतः सायकलवर. सायकलची चोरीप्रतिबंधक नोंदणी करून घ्यावी लागते. नोंदणी मागच्या जोडीदाराच्या नावावर राहिली असेल तर पोलिसांना खुलासा देत उभे राहण्याची वेळ येते. एका हातात छत्री धरून सायकल चालवणे चालत नाही, म्हणून पावसाळी अंगरखा आणि पिशवीत कोरडे मोजे. हेल्मेट मिशनरींना आधीपासून सक्तीचेच होते. १ एप्रिल २०२३ पासून जपानच्या कायद्यानेही सर्व सायकलस्वारांनी ते घालावे असे म्हटले आहे. स्टेशनाजवळ भलत्या जागी लावलेली सायकल उचलून नेली जाते आणि पैसे भरून सोडवावी लागते. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर बर्फ पडला की सायकल आत जाते आणि पायपीट सुरू होते.

दारावर

जपानी घराच्या दाराआड ‘गेंकान’ असते, बूट काढायची खोलगट जागा. बूट तिथे काढून, टोके दाराकडे वळवून ठेवायचे आणि मगच वरच्या पायरीवर पाय टेकायचा. नाडीचे बूट घालणाऱ्याला दिवसातून दहा वेळा वाकावे लागते, आणि फाटका मोजा यजमानाच्या डोळ्यांतून सुटत नाही. पण एवढ्यापर्यंत पोहोचणेही दुर्मीळ. नव्या इमारतींचे मुख्य दार आपोआप बंद होते आणि सगळा संवाद इंटरकॉमवरच आटोपतो.

तिथे ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘केक्को देसु’. शब्दकोशात ‘केक्को’चा अर्थ उत्तम, छान असा दिलेला असतो. नवा मिशनरी त्यामुळे खुलतो आणि बोलणे पुढे रेटतो. दारावर मात्र त्याचा अर्थ ‘नको, आहे ते पुरे आहे’ असा होतो. तसेच ‘पुढच्या वेळी’ म्हणजे बहुधा कधीच नाही. हे नकार ओळखून वाकून नमस्कार करणे आणि निघणे हे प्रशिक्षकाने पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवे. निघून जा असे सांगितल्यावरही न हलणे हा जपानच्या दंडसंहितेनुसार गुन्हा आहे.

लोकांच्या सावधपणामागे कारणे आहेत. मार्च १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला, तेव्हापासून धर्म घेऊन दारी येणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर मारेकऱ्याचा राग ज्या पंथावर होता त्या, कोरियातून आलेल्या युनिफिकेशन चर्चच्या देणग्यांचा प्रश्न पेटला आणि परदेशाशी नाते असलेल्या सगळ्याच पंथांवर नजर वळली. मिशनरीच्या छातीवरच्या काळ्या नावपाटीवरचे चर्चचे लांबलचक नाव वाचून लोक आधी ‘त्यातलेच का?’ असे विचारतात. या प्रश्नाने दुखावून न जाता सरळ उत्तर देणे हेच बरे.

दारोदार फिरण्यापेक्षा ओळखीतून आणि इंग्रजीच्या मोफत वर्गातून अधिक माणसे भेटतात. ‘एइकाइवा’ या नावाने आठवड्यातून एकदा चर्चच्या इमारतीत हा वर्ग भरतो. येणाऱ्यांना इंग्रजी हवे असते, धर्म नव्हे, आणि ती अपेक्षा मान्य करूनच वर्ग घ्यावा. धार्मिक भाग असेल तर तो आधी सांगावा आणि ऐच्छिक ठेवावा. इंग्रजीच्या नावाखाली प्रवचन झाले की पुढच्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि ते योग्यच आहे.

धडे, चहा आणि बाप्तिस्मा

२००४ पर्यंत मिशनरी सहा धडे पाठ करून म्हणत. त्या वर्षी आलेल्या मार्गदर्शिकेने पाठांतर काढून मोजके विषय ठेवले, ते ऐकणाऱ्याच्या गरजेप्रमाणे स्वतःच्या शब्दांत मांडायचे. अर्ध्यामुर्ध्या भाषेच्या मुलाला हे पाठांतरापेक्षा जड जाते, तरी समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय यानेच लागते.

सगळ्यांत अवघड ठरतो तो आहाराचा नियम. दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य, आणि त्या चहात हिरवा चहाही आला. जपानी घरात पाहुण्यापुढे पहिल्यांदा येतो तोच. पेला पुढे आल्यावर हात आडवा करणे उद्धट दिसते. रीत अशी की दोन्ही हातांनी घ्यावे, आभार मानावे आणि श्रद्धेमुळे चहा घेत नसल्याचे हळूच सांगून पाणी किंवा ‘मुगिचा’ मागावा. मुगिचा हे भाजलेल्या जवाचे पेय, नावात चहा असला तरी त्यात चहाची पाने नसतात. जो माणूस धर्मात येऊ पाहतो त्याला मात्र कार्यालयातला चहा, वरिष्ठांबरोबरची बिअर आणि घरातल्या देव्हाऱ्यापुढील पितरांचे विधी या सगळ्यांबाबत रोज ठरवावे लागते. हे ओझे मिशनरीच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठे असते.

बाप्तिस्म्याआधी माणूस काही रविवार उपासनेला आलेला असावा, त्याने नियम पाळायला सुरुवात केलेली असावी आणि अल्पवयीन असल्यास पालकांची परवानगी हवी. जपानमध्ये सज्ञानतेचे वय एप्रिल २०२२ मध्ये २० वरून १८ झाले. बाप्तिस्म्याआधीची मुलाखत त्याला शिकवणारा मिशनरी घेत नाही, दुसरा घेतो. दबाव आला असेल तर तो तिथे उघड व्हावा हा हेतू. विधीत पांढरे कपडे घालून पाण्यात पूर्ण बुडवतात आणि दोन साक्षीदार पाहतात. केस किंवा कपड्याचे टोक वर राहिले तर विधी पुन्हा करतात.

यात घाई केली तर काय होते ते जपानने पाहिले आहे. १९८० च्या आसपास टोकियो भागात आकड्यांच्या मागे लागून फार थोड्या शिकवणीवर भराभर बाप्तिस्मे झाले. त्यांतले बहुतेक लोक पुढे उपासनेला फिरकले नाहीत आणि त्यांची नावे शोधत बसण्याचे काम लहान लहान स्थानिक मंडळ्यांच्या गळ्यात पडले. आजही नोंदीतल्या सुमारे १ लाख ३० हजार सभासदांपैकी रविवारी दिसणारे पुष्कळच कमी आहेत. मिशनरी सहा आठवड्यांनी निघून जाऊ शकतो, म्हणून नव्या माणसाची स्थानिक सभासदांशी ओळख पहिल्याच धड्यापासून करून द्यावी. ज्याचा आधार केवळ त्या परदेशी मुलावर होता, तो मुलाच्या बदलीबरोबरच गळतो.

परतणे

काही जण आजारपण किंवा मानसिक ताणामुळे मुदतीआधी घरी जातात. त्यांना घराजवळ सेवेची कामे करून मुदत पूर्ण करता येते, तरी आपण हरलो ही सल पुष्कळांना राहते. स्वागत करणाऱ्यांनी मुदतीची चौकशी करू नये हे उत्तम. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे परदेशी मिशनरींना मोठ्या संख्येने मायदेशी परतावे लागले आणि जपानच्या व्हिसाची वाट पाहणाऱ्यांपैकी अनेकांना दुसरीकडे नेमले गेले.

मुदत पुरी झालेला मिशनरी मिशनच्या प्रमुखाला शेवटची मुलाखत देतो, सायकल आणि भांडी मागे राहणाऱ्यांच्या हवाली करतो आणि विमानतळावर निवास-कार्ड परत करतो. सेवा मात्र तिथे संपत नाही. गावी पोहोचून स्थानिक नेत्याने मुक्त करेपर्यंत सगळे नियम लागू असतात, आणि छातीवरची काळी पाटी त्यानंतरच उतरते.